पत गेल्यावर आलेलं चांगलं यंत्र: सेगा ड्रीमकास्टचं प्रकरण

३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या सेगा कंपनीने जाहीर केलं, की ड्रीमकास्टचं उत्पादन मार्चअखेर थांबेल आणि यापुढे कंपनी घरगुती गेम कन्सोल बनवणार नाही. ड्रीमकास्ट अमेरिकेच्या बाजारात येऊन तेव्हा सतरा महिनेही झाले नव्हते. ज्यांच्या घरी तो होता त्यांना तो मनापासून आवडत होता. समीक्षकांनी त्याच्या गेम्सचं भरभरून कौतुक केलं होतं. पहिल्या दिवसाच्या विक्रीने तर विक्रम मोडला होता. तरीही तो बंद पडला.

याचं नेहमीचं उत्तर असं, की सोनीचा प्लेस्टेशन २ आला आणि ड्रीमकास्ट संपला. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. मराठीत 'पत' हा एक फार नेमका शब्द आहे. बाजारातली इज्जत आणि उधारीची ऐपत, दोन्ही त्यात येतात. सेगाने ही पत ड्रीमकास्टच्या आधीच, १९९४ ते १९९७ या काळात घालवली होती. मागच्या यंत्रांचं कर्ज या यंत्राला फेडावं लागलं, आणि ते त्याच्या ताकदीबाहेरचं होतं.

## पार्श्वभूमी

सेगाची मुळं अमेरिकी लष्करी तळांवर नाण्याची यंत्रं पुरवणाऱ्या धंद्यात आहेत. 'सर्व्हिस गेम्स' या नावाची आद्याक्षरं जुळवून 'सेगा' हे नाव झालं. डेव्हिड रोझेन यांच्या कंपनीबरोबर १९६५ मध्ये विलीनीकरण होऊन सेगा एंटरप्रायझेस उभी राहिली. घरगुती कन्सोलमध्ये कंपनी १९८३ साली उतरली आणि १९८८ च्या मेगा ड्राइव्हने तिला खरं यश दिलं. अमेरिकेत जेनेसिस या नावाने विकला गेलेला हा कन्सोल जगभरात ३ कोटींहून जास्त खपला. तोवर बाजारावर राज्य करणाऱ्या निन्टेन्डोला कुणी हरवू शकतं, हे त्याने पहिल्यांदा दाखवलं.

(आपल्याकडे ही गोष्ट फारशी माहीत नाही, त्याला कारण आहे. मेगा ड्राइव्ह भारतात १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत आला, तो सुमारे १८,००० रुपयांना. त्या काळात घराघरांत पोचला तो कॅसेटवाला स्वस्त 'टीव्ही गेम', आणि ती निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल होती.)

यशानंतरच्या तीन वर्षांत जे झालं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही उमगत नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगाने अमेरिकेत ३२एक्स हे मेगा ड्राइव्हवर बसवायचं जोडयंत्र विकायला काढलं. त्याच महिन्यात जपानमध्ये तिचाच पुढचा कन्सोल, सॅटर्न, दुकानांत आला. ज्यांनी ३२एक्ससाठी पैसे मोजले त्यांच्या हातात थोड्याच काळात गेम येणं बंद झालेली वस्तू उरली.

मग ११ मे १९९५. लॉस एंजलिसला ई३ हे व्हिडिओ गेम उद्योगाचं प्रदर्शन पहिल्यांदाच भरलं होतं. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार असं आधीच जाहीर होतं, पण मंचावरून सांगितलं गेलं की तो आजच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर. माल मात्र निवडक साखळी दुकानांनाच दिला होता. ज्यांना डावललं ते व्यापारी भडकले आणि केबी टॉईज या साखळीने सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. बाहेरच्या गेम कंपन्या सप्टेंबर डोळ्यापुढे ठेवून काम करत होत्या, त्यांचे गेम तयारच नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, '२९९' एवढा आकडा उच्चारला आणि खाली उतरले. प्लेस्टेशन सॅटर्नपेक्षा शंभर डॉलरने स्वस्त होता.

गिऱ्हाईक, दुकानदार आणि गेम बनवणारे, तिघांनाही एका वर्षाच्या आत दुखावलं गेलं. सॅटर्न शेवटी जगभरात ९२ लाखांच्या आसपास थांबला, तर पहिला प्लेस्टेशन १० कोटींच्या पुढे गेला.

## अडचण

मार्च १९९८ ला संपलेल्या वर्षात सेगाला ३,५६० कोटी येनचा तोटा झाला. १९८८ मध्ये शेअर बाजारात आल्यापासून कंपनीने असं वर्ष पाहिलं नव्हतं. त्याआधी, १९९७ च्या ई३ मध्ये, सेगा ऑफ अमेरिकाचे बर्नी स्टोलर यांनी सॅटर्न हे आपलं भविष्य नाही असं उघड सांगून टाकलं होतं. नवा कन्सोल यायला अमेरिकेत अजून दोन वर्षं होती. मधल्या काळात दुकानांत सेगाच्या नावाचं फळकूट जवळजवळ रिकामं राहिलं.

सेगापुढे दुहेरी पेच होता. नवं यंत्र चांगलं बनवायचं, आणि ज्यांचा विश्वास उडालाय त्यांना ते घ्यायला लावायचं. पहिलं काम अभियंत्यांचं होतं आणि ते त्यांनी उत्तम केलं. दुसऱ्यासाठी वेळ आणि पैसा हवा होता, आणि दोन्ही सोनीकडे होते.

## पहिला निर्णय: कोणाची चिप

इथे सेगाने एक वेगळी गोष्ट केली. एकाच कन्सोलसाठी दोन गट कामाला लावले. अमेरिकेत आयबीएममधून आणलेले तात्सुओ यामामोतो एका लहान गटासह काम करत होते. त्यांच्या आराखड्यात थ्रीडीएफएक्स या कंपनीची ग्राफिक्स चिप होती. जपानमध्ये हिदेकी सातो यांचा गट होता. सेगाचे आधीचे कन्सोल सातो यांच्याच हातून गेले होते. त्यांनी एनईसी आणि व्हिडिओलॉजिक यांची पॉवरव्हीआर चिप घेतली. मुख्य प्रोसेसर हिताचीचा एसएच-४.

दोन्ही वाटा खुल्या ठेवण्यात चूक काहीच नव्हती. घोडं अडलं ते निवडीच्या वेळी. १९९७ मध्ये थ्रीडीएफएक्स शेअर बाजारात उतरत होती. त्यासाठी दाखल केलेल्या कागदपत्रांत तिने सेगाबरोबरचा करार उघड केला, आणि अजून जाहीरही न झालेल्या कन्सोलची बातमी बाहेर फुटली. जुलैमध्ये सेगाने तो करार मोडला व जपानी गटाचा आराखडा पक्का केला. थ्रीडीएफएक्सने १५ कोटी ५० लाख डॉलरचा दावा लावला, तो पुढे तडजोडीने मिटला.

तांत्रिकदृष्ट्या निवड वाईट नव्हती. पॉवरव्हीआर पडद्याचे छोटे चौकोन करून एकेक रंगवते आणि जे दिसणारच नाही ते रंगवण्यात श्रम घालवत नाही. त्यामुळे स्वस्त मेमरीतही चित्र देखणं यायचं. हाच आराखडा सेगाने नाओमी या आर्केड यंत्रासाठी (दुकानात नाणं टाकून खेळायच्या यंत्रासाठी) वापरला, म्हणून आर्केडमधले गेम घरी जवळजवळ जसेच्या तसे येऊ शकले.

किंमत दुसरीकडे मोजावी लागली. अमेरिकेतली सर्वांत मोठी क्रीडा-गेम कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स हिचे पैसे थ्रीडीएफएक्समध्ये गुंतले होते आणि नवी चिप तिच्या ओळखीची नव्हती. सेगाचा निर्णय तिला रुचला नाही. अमेरिकी आणि जपानी कार्यालयांमधली जुनी कटुताही यातून वाढली. माझ्या मते चूक चिप निवडण्यात झाली नाही. एवढा मोठा निर्णय ज्यांच्यावर आदळणार होता त्या भागीदारांना आधी विश्वासात घेतलं गेलं नाही, चूक तिथे आहे. मे १९९५ चीच चूक पुन्हा झाली.

## दुसरा निर्णय: तारीख पाळायची की माल साठवायचा

एनईसीकडून चिपा पुरेशा बाहेर पडत नव्हत्या. जपानमधली तारीख २७ नोव्हेंबर १९९८ ठरली होती. पर्याय दोनच: तारीख पुढे ढकलायची, किंवा हाती आहे तेवढ्यावर सुरुवात करायची. आगाऊ नोंदणी मध्येच थांबवण्याची वेळ आली, तरी सेगाने तारीख पाळली. आलेला माल त्याच दिवशी संपला. आणखी दोन-तीन लाख यंत्रं सहज खपली असती, असा कंपनीचाच अंदाज होता. त्या दिवशी दुकानात चारच गेम होते आणि त्यातला खरा चालला तो 'व्हर्च्युआ फायटर ३'. ज्याच्यासाठी लोक थांबले होते तो 'सॉनिक ॲडव्हेंचर', म्हणजे सेगाची ओळख बनलेल्या सॉनिक या पात्राचा नवा गेम, डिसेंबरच्या शेवटी आला.

या टप्प्यावर एक जाहिरातमाला आली होती, ती मला आजही धाडसी वाटते. सेगाचे वरिष्ठ संचालक हिदेकाझु युकावा स्वतः जाहिरातीत उभे राहिले. रस्त्यात पोरं म्हणतात, सेगा भंगार, प्लेस्टेशनच चांगला. आणि युकावा ते ऐकून खचतात. कंपनीने भर टीव्हीवर कबूल केलं की आमची पत गेली आहे. जपानी प्रेक्षकांनी युकावांना डोक्यावर घेतलं. एवढी प्रामाणिक सुरुवात करून दुकानात माल नसणं याचं दुःख वाटतं. फेब्रुवारी १९९९ पर्यंत जपानमध्ये १० लाखांचं उद्दिष्ट होतं, विक्री ९ लाखांच्या आत राहिली. मार्चच्या सुरुवातीला सोनीने पुढच्या प्लेस्टेशनची माहिती जाहीर केली आणि काठावरचे गिऱ्हाईक थांबून राहिले. जूनमध्ये सेगाने किंमत १९,९०० येनवर आणली. आता प्रत्येक यंत्र तोट्यात जात होतं.

## तिसरा निर्णय: १९९ डॉलर

अमेरिकेतली तयारी मात्र जुन्या चुका समोर ठेवून केलेली दिसते. तारीख महिने आधी सांगितली, आणि अशी की विसरता येऊ नये: ९-९-९९. पुरेसा साठा, सगळ्या दुकानांना माल, पहिल्याच दिवशी १८ गेम. प्रत्येक यंत्रात इंटरनेटला जोडणारा मोडेम. किंमत १९९ डॉलर. त्या किमतीत यंत्रामागे फायदा उरत नव्हता. गणित असं होतं की गेम विकून भरून काढू. स्टोलर यांनी ऑगस्टमध्येच कंपनी सोडली होती, सूत्रं पीटर मूर यांच्याकडे आली होती.

पहिल्या २४ तासांत २,२५,१३२ यंत्रं विकली गेली आणि गेम धरून उलाढाल ९ कोटी ८४ लाख डॉलरवर गेली. दोन आठवड्यांत ५ लाखांचा टप्पा पार झाला.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स मात्र आली नाही. स्टोलर यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं, की ड्रीमकास्टवर क्रीडा गेम फक्त आमचेच असावेत अशी त्या कंपनीची अट होती. सेगाने नुकताच १ कोटी डॉलरला व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स हा स्टुडिओ विकत घेतला होता आणि त्याचा 'एनएफएल २के' हा अमेरिकी फुटबॉलचा गेम तयार होत होता. स्टोलर यांनी अट नाकारली. गेम म्हणून 'एनएफएल २के' उत्तम निघाला आणि चांगला खपलाही. पण अमेरिकेत दर वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ठरावीक फुटबॉल गेम घेणारं एक मोठं गिऱ्हाईक होतं, आणि ज्या यंत्रावर तो गेम नाही ते यंत्र हे लोक बघतही नसत. अट मान्य केली असती तर नुकताच घेतलेला स्टुडिओ वाया गेला असता. नाकारल्यावर हे गिऱ्हाईक गेलं. इथे बिनखर्चाची वाट नव्हती. मी त्या खुर्चीत असतो तरी बहुधा नकारच दिला असता, पण पूर्ण मक्तेदारी आणि पूर्ण नकार यांच्या मधलं काहीतरी शोधायला जास्त वेळ दिला असता.

## चौथा निर्णय: तबकडी

हा निर्णय फार आधी झाला, त्याचं फळ उशिरा दिसलं. ड्रीमकास्टसाठी यामाहाबरोबर जीडी-रॉम ही वेगळी तबकडी बनवली होती, तिच्यावर साधारण १ गिगाबाइट मावत असे. डीव्हीडी तेव्हा महाग होती, आणि वेगळ्या तबकडीची नक्कल करता येणार नाही असा हिशेब होता.

दोन्ही बाजूंनी हिशेब चुकला. सेगाने संगीताच्या एका खास सीडी-प्रकारासाठी यंत्रात पळवाट ठेवली होती. २००० च्या मध्यावर नक्कल करणाऱ्यांनी ती पकडली आणि साध्या सीडीवर उतरवलेले गेम यंत्रात कसलाही फेरबदल न करता चालू लागले. ज्या कंपनीचं पोट गेमच्या विक्रीवर अवलंबून होतं, तिच्यासाठी हे भोक वर्मी होतं. दुसरीकडे ४ मार्च २००० ला जपानमध्ये प्लेस्टेशन २ आला, तो डीव्हीडी चित्रपटही दाखवत होता आणि जुन्या प्लेस्टेशनचे गेमही चालवत होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवायला मुलांना यापेक्षा चांगलं कारण मिळालं नसतं. पहिल्या काही दिवसांतच त्याची ९ लाख ८० हजारांची विक्री झाल्याचं सोनीने सांगितलं.

## शेवटची खोली

मार्च २००० ला संपलेल्या वर्षाचा तोटा ४,२८८ कोटी येन होता. मे महिन्यात अध्यक्षपद इसाओ ओकावा यांच्याकडे गेलं. सेगाची पालक कंपनी सीएसके ही ओकावांची. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःच्या खिशातून सेगाला ५० कोटी डॉलर उसने दिले होते. कन्सोलच्या धंद्यातून बाहेर पडावं, हे त्यांचं मत जुनंच होतं. गंमत नव्हे, गुंतागुंत अशी, की यंत्रामागे १५ डॉलर वाढतात म्हणून इतरांचा विरोध असताना प्रत्येक ड्रीमकास्टमध्ये मोडेम असलाच पाहिजे हा आग्रहही त्यांचाच होता.

सप्टेंबर २००० मध्ये एक बैठक झाली. मूर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बेलफिल्ड यांनी जपानमधले अधिकारी व गेम स्टुडिओंचे प्रमुख यांच्यासमोर सांगितलं, की कन्सोल सोडून फक्त गेम बनवू या. स्टुडिओंचे प्रमुख उठून बाहेर गेले. त्यांचा राग मला समजतो. आयुष्यभर ज्यांच्याशी लढलो त्यांच्याच यंत्रांसाठी आता गेम लिहायचे, असं त्यांना सांगितलं जात होतं.

पण तेव्हा समोर काय उरलं होतं? अमेरिकेत किंमत १४९ डॉलरवर आणली होती. सेगानेट ही ऑनलाइन सेवा त्याच महिन्यात सुरू झाली होती. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन २ आला तेव्हा सोनीला ठरल्याच्या निम्माच माल देता आला, आणि ही फट सेगाला साधता यायला हवी होती. ती साधली नाही. ज्यांना प्लेस्टेशन २ मिळाला नाही त्यातले बहुतेक ड्रीमकास्टकडे वळले नाहीत, सरळ वाट बघत बसले. १९९५ मध्ये दुखावलेला माणूस २००० मध्ये कमी किमतीलाही सेगा घ्यायला तयार नव्हता. या प्रकरणातला सर्वांत बोलका क्षण मला हाच वाटतो.

## निष्पत्ती

२३ जानेवारी २००१ रोजी निहोन केइझाई शिम्बुन या दैनिकात ड्रीमकास्ट बंद होणार अशी बातमी आली. सेगाने आधी नाकारली आणि आठवड्याने मान्य केली. किंमत ९९ डॉलर झाली; एप्रिलमध्येही ९ लाख ३० हजार यंत्रं विकायची शिल्लक होती. जगभरात एकूण ९१ लाख ३० हजार ड्रीमकास्ट खपले, म्हणजे सॅटर्नहूनही थोडे कमी. सेगाच्या टोकियोतल्या जवळजवळ एक तृतीयांश कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा तोटा ५,१७० कोटी येन.

कंपनी बुडाली नाही, कारण ओकावांनी ती बुडू दिली नाही. १६ मार्च २००१ रोजी ते वारले. त्याआधी त्यांनी सेगाकडचं आपलं येणं सोडून दिलं आणि सेगा व सीएसके यांचे ६९ कोटी ५० लाख डॉलर किमतीचे शेअर कंपनीला परत केले.

## काय वेगळं करता आलं असतं

किमती, तबकडी, चिप यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझं बोट मात्र १९९७ वर जातं. सॅटर्न संपल्याचं जाहीर करण्याची घाई झाली. ते खरं होतं, पण दोन वर्षं आधी बोललं गेलं. ज्यांनी सॅटर्न घेतला होता त्यांना आणखी वर्षभर गेम मिळत राहिले असते, तर ड्रीमकास्टचे पहिले दहा लाख गिऱ्हाईक तेच ठरले असते. त्यांना सांभाळण्याचा खर्च नव्या गिऱ्हाइकासाठीच्या जाहिरातीपेक्षा नक्कीच कमी आला असता.

दुसरं, जपानची तारीख. चार महिने थांबून 'सॉनिक ॲडव्हेंचर'सह आणि भरलेल्या दुकानांनिशी उतरणं मी पसंत केलं असतं. सोनीची घोषणा मार्चमध्ये आलीच असती, हा आक्षेप खरा आहे. पण लोक रांगेत उभे असताना रिकामं दुकान दाखवणं सेगाला तेव्हा मुळीच परवडणारं नव्हतं.

मोडेम मात्र मी काढला नसता, तो १५ डॉलरचा असला तरी. डिसेंबर २००० मध्ये जपानमध्ये 'फँटसी स्टार ऑनलाइन' आला. वेगवेगळ्या देशांतले खेळाडू एकाच चमूत लढत होते, आणि तयार वाक्यं निवडली की ती समोरच्याला त्याच्या भाषेत दिसत. कन्सोलवर असं आधी झालं नव्हतं. ज्या आठवड्यांत तो गेम मुलांच्या हातात पडत होता, त्याच आठवड्यांत कंपनीच्या वरच्या मजल्यावर यंत्र बंद करण्याचे कागद तयार होत होते. डिसेंबर २००१ मध्ये सॉनिक निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर धावू लागला, आणि 'फँटसी स्टार ऑनलाइन'ही पुढे दुसऱ्यांच्या यंत्रांवर गेला.